जिवलग मैत्री आणि घरचा आधार
(किशोरवयाचा एक अभ्यासपाठ : विद्यार्थी, पालक व विश्वस्त यांच्यासाठी)

दरवर्षी आम्ही आठवीची सहल उज्जैनला नेतो. इंदूरहून अंतर साधारण ५५ किलोमीटर. महाकालाचे दर्शन, वेधशाळा आणि परतताना सांदीपनी आश्रम, असा ठरलेला क्रम. सहलीतला पहिला तंटाही ठरलेला असतो. बस सुटण्याआधीच सुरू होतो. "बाई, मी हिच्याशेजारीच बसणार." "सर, याला उठवा ना, ती माझ्या मित्राची जागा आहे." आम्ही दटावतो, नावे पुकारतो, जागा बदलतो. दहा मिनिटांनी मागे वळून पाहावे तर ज्याला जिथे बसायचे होते, तो तिथेच बसलेला असतो.

आश्रमात गेल्यावर आम्ही मुलांना कृष्ण-सुदाम्याची गोष्ट सांगतो. मूठभर पोह्यांची गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक असते, आणि इंदूरकरांना पोह्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नकोच. श्रीमद्भागवताच्या दहाव्या स्कंधात मात्र त्याच भेटीत आणखी एक प्रसंग येतो. तो फारसा कुणी सांगत नाही. आजच्या पाठाची सुरुवात आम्ही तिथून करणार आहोत.

द्वारकेत आलेल्या त्या गरीब मित्राला, ज्याला आपण सुदामा म्हणतो, श्रीकृष्ण गुरुगृहीची एक आठवण देतो. एकदा गुरुपत्नीने दोघांना सरपण आणायला रानात पाठवले होते. अवेळी वादळ उठले, पाऊस कोसळू लागला, सूर्य मावळला. जिकडे तिकडे पाणीच पाणी झाले. खळगा कुठे आणि उंचवटा कुठे हे कळेना, दिशा कळेनात. तेव्हा त्या मुलांनी एकमेकांचे हात घट्ट धरले आणि रात्रभर ती तशीच रानात भटकत राहिली. सूर्य उगवताच सांदीपनी ऋषी त्यांना शोधायला बाहेर पडले. मुले सापडल्यावर ते रागावले नाहीत. माझ्यासाठी तुम्ही किती कष्ट सोसलेत, असे म्हणून त्यांनी आशीर्वाद दिला.

किशोरवय म्हणजे हीच रानातली रात्र, असे आम्हाला वाटते. या गोष्टीत तीन गोष्टी आहेत : अंधार, हातात धरलेला मित्राचा हात आणि सकाळी शोधत येणारे मोठे माणूस. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते आता पाहू.

१. आधी घर, मग मित्र

तान्हे मूल आईला का बिलगते? दूध मिळते म्हणून, असे अनेक वर्षे मानले जाई. ब्रिटनमधील मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७-१९९०) यांना हे उत्तर अपुरे वाटले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरापासून तुटलेल्या मुलांविषयी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. तो १९५१ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६९, १९७३ आणि १९८० अशा तीन खंडांत त्यांनी आपले विचार सविस्तर मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : भुकेइतकीच मुलाला आपल्या माणसाच्या जवळ असण्याची उपजत गरज असते. भीती वाटली, दुखले, थकवा आला की मूल त्या माणसाकडे धाव घेते. या नात्याला आपण भावबंध म्हणू.

त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ (१९१३-१९९९) यांनी आधी युगांडातील खेड्यांत आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात माता आणि बालकांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांना एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट दिसली. ज्या मुलाला आईची खात्री असते, ते सारखे तिला चिकटून बसत नाही. ते रांगत दूर जाते, खेळणी उचकटते, मधूनच वळून आई आहे ना, एवढे पाहते आणि पुन्हा पुढे जाते. आई खोलीबाहेर गेली तर रडते, पण परत आल्यावर तिच्या कुशीत शिरून लवकर शांत होते आणि पुन्हा खेळायला लागते. म्हणजे आधार पक्का असला की मूल दूर जाऊ शकते.

पालकहो, हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. तुमचे चौदा वर्षांचे मूल मित्राकडे धाव घेते, तेव्हा घराचा आधार संपला असे होत नाही. पुष्कळदा तो आधार आहे म्हणूनच त्याचे पाऊल बाहेर पडते.

२. 'माझ्यासारखेच कुणीतरी'

लहानपणी आपण गट्टी करतो आणि कट्टीही करतो. पेन्सिलीवरून कट्टी, चिंचेवरून गट्टी. तेव्हाचा सवंगडी म्हणजे जो खेळायला हजर तो. दहा-अकरा वर्षांच्या आसपास मात्र 'जिवलग' हा शब्द खरा होऊ लागतो. हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने या बदलाकडे लक्ष वेधले. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९५३ साली निघाले. त्याच्या मते या वयात प्रथमच दुसऱ्या एका मुलाचे सुख आपल्या सुखाइतकेच महत्त्वाचे वाटू लागते. शिवाय, जे आपल्यालाच होते असे वाटून मूल मनातल्या मनात कुढत असते, ते जिवलगाला सांगितल्यावर कळते की त्यालाही अगदी तसेच होते. आवाज फुटणे, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या, वडिलांची भीती, कुणीतरी आवडू लागणे, या गोष्टी आईला सांगता येत नाहीत. मैत्रिणीला सांगता येतात.

याचा पुढे उपयोग होतो का? अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १६९ मुलामुलींचा पंधराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची पंधरा-सोळाव्या वर्षी एखादी तरी घट्ट मैत्री होती, त्यांच्यात पंचविशीपर्यंत लोकांत वावरण्याची धास्ती कमी झालेली आणि स्वतःविषयीचा आदर वाढलेला आढळला. जे केवळ वर्गात लोकप्रिय होते, त्यांच्यात लोकांत वावरण्याची धास्ती उलट जास्त दिसली. अभ्यास एकाच ठिकाणचा आहे आणि मुलांची संख्याही फार मोठी नाही, त्यामुळे त्यावरून कुणाचे भविष्य सांगू नये. तरी ज्या मुलाला वर्गात फक्त एकच मित्र आहे, त्याच्या आईवडिलांनी 'आमचा कुणात मिसळतच नाही' म्हणून धास्तावून जाऊ नये, एवढे यातून नक्की घेता येईल.

येथे मुलग्यांविषयी दोन शब्द. मुली बोलून जवळ येतात हे पटकन दिसते. मुलगे पुष्कळदा काहीतरी सोबत करून जवळ येतात. दोघे तासभर क्रिकेट खेळतात, सायकली हातात धरून कोपऱ्यापर्यंत चालतात, दहा वाक्येही बोलत नाहीत. ती मैत्री उथळ आहे असे समजू नये.

३. आमची एक चूक

हे सारे आम्हाला आधीपासून समजत होते, असे म्हणणे खोटे ठरेल. एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पालकसभेत एका आई आम्हाला भेटल्या. त्यांची मुलगी आठवीत होती. "ती आमची राहिलीच नाही हो. घरी आली की मुकी. आणि मैत्रिणीशी तासन् तास. तेही सगळं हिंदीत! आमच्याशी मराठीत दोन शब्द बोलायला जिवावर येतं." गुणही थोडे घसरले होते. नववीत दोघींच्या तुकड्या वेगळ्या करा, अशी त्यांची विनंती होती. आम्हाला ती रास्त वाटली. जूनमध्ये एक मुलगी 'अ' तुकडीत आणि दुसरी 'ब' तुकडीत गेली. दोघींना आम्ही काही विचारले नाही.

गणेशोत्सवापर्यंत परिणाम दिसू लागला. गुण वाढले नाहीत. ती मुलगी समूहगीतातून बाहेर पडली. मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या दाराशी डबा घेऊन एकटी बसू लागली. मैत्रिणीला नव्या तुकडीत नवा गट मिळाला होता, त्यामुळे हिचे दुःख दुप्पट झाले. घरी ती आता मराठीतही बोलत नव्हती आणि हिंदीतही नाही. शेवटी आमच्यातील एका बाईंनी तिला जवळ बसवले. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "आई रागावली की मी तिला सांगायचे. मग मी घरी जाऊन आईशी नीट बोलायचे."

आम्ही थक्क झालो. आई ज्या मैत्रिणीला चोर समजत होती, तिच्याचमुळे मुलगी आईपर्यंत परत येत होती.

वर्षाच्या मध्येच तुकडी बदलणे शक्य झाले नाही. मग आम्ही जमेल तेवढे केले. दोघींना स्नेहसंमेलनाच्या एकाच नाटिकेत घेतले, मधल्या सुट्टीत एकत्र डबा खायची मोकळीक दिली. आईंनाही विनंती केली की त्या मैत्रिणीला एकदा घरी जेवायला बोलवा. त्यांनी मनाविरुद्धच बोलावले. हिंदी घरातली ती मुलगी वरणभात आणि भरली वांगी जेवून गेली, जाताना "काकू, येते हं" म्हणून गेली. सगळे पूर्ववत झाले, असे आम्ही म्हणणार नाही. दोघींची मैत्री पहिल्यासारखी घट्ट राहिली नाही. पण मुलगी समूहगीतात परत आली आणि आईशी तिचे बोलणे सुरू झाले. सांदीपनी सूर्योदयालाच शोधायला निघाले होते. आम्ही निघालो तेव्हा दुपार झाली होती.

४. भाषेचे दुखणे

या प्रसंगातला भाषेचा मुद्दा केवळ एका घरचा नाही. पिढ्यान् पिढ्या माळव्यात राहणाऱ्या आपल्या घरांमध्ये आजी-आजोबांशी मराठी आणि गल्लीत हिंदी, ही सवय जुनीच आहे. पण मुलाच्या मनातले गुज हिंदीत निघू लागले की आईबापांना काहीतरी हातचे निसटल्यासारखे वाटते. ते दुःख खोटे नाही. मात्र त्याचा राग मित्रावर काढला तर मराठी वाचत नाही, फक्त मूल दुरावते. रागावणे, उलटतपासणी आणि अभ्यासाची आठवण एवढेच जर घरात मराठीत होत असेल, तर मूल त्या भाषेत मन कसे उघडेल? घरची भाषा ही आधाराची भाषा राहिली, तर मूल तिच्याकडे वळते. मित्राला घरी बोलवा. तोही दोन मराठी शब्द शिकेल.

५. हात धरणे आणि हात बांधणे

मुलांनो, हा भाग खास तुमच्यासाठी. सगळी घट्ट मैत्री चांगलीच असते असे नाही. महाभारतात दुर्योधनाने कर्णाला भर सभेत अंगदेशाचे राज्य दिले. कर्ण त्या उपकाराखाली असा दबला की पुढे सत्य कळल्यावरही त्याला दुर्योधनाची बाजू सोडता आली नाही. त्याची निष्ठा मोठीच होती. पण ज्या मैत्रीत 'नाही' म्हणता येत नाही, ती शेवटी दोघांनाही खड्ड्यात नेते. आपली मैत्री पारखायला काही खुणा सांगतो.

पहिली खूण : दुसऱ्या कुणाशी बोललात तर मित्र शिक्षा करतो का? अबोला धरतो, इतरांना तुमच्याविरुद्ध उठवतो, मोबाइलचा पासवर्ड मागतो? तसे असेल तर तिथे प्रेमापेक्षा धाक जास्त आहे.

दुसरी खूण : तुम्ही दोघे रोज एकच दुःख उगाळत बसता का? अमांडा रोज या अमेरिकन संशोधिकेने २००२ साली दाखवले की एकच अडचण पुन्हा पुन्हा चघळणाऱ्या मित्रमैत्रिणींमध्ये जवळीक जास्त असते, पण त्याबरोबर चिंता आणि उदासीही जास्त आढळते. मन मोकळे जरूर करा. मग उठा आणि 'आता काय करायचे?' हेही एकमेकांना विचारा. नाहीतर थोडा वेळ बॅडमिंटन खेळा.

तिसरी खूण : मित्र सोबत असताना तुम्ही असे काही करता का, जे एकटे असताना करणार नाही? २००५ साली अमेरिकेतील गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ वेगवेगळ्या वयाच्या लोकांना खेळायला दिला. मित्र बघत असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी जास्त धोके पत्करले. मोठ्या माणसांत तसा फरक दिसला नाही. स्कूटरवर ट्रिपल सीट निघताना हे आठवा. चांगला मित्र "चल" म्हणतो, तसा "थांब" असेही म्हणतो.

आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे गुपितांविषयी. गुपिते दोन प्रकारची असतात. कुणाला कोण आवडते, कुणाला गणितात किती गुण मिळाले, ही गुपिते जरूर पोटात ठेवा. पण मित्र जीव द्यायचे बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, कुणी मोठे माणूस त्याला नको तसा स्पर्श करत असेल किंवा धमकावत असेल, तर ते गुपित तुमच्या एकट्याच्या खांद्याला पेलणारे नाही. शपथ घातली असली तरी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. मित्र काही दिवस रागावेल. रागावलेला मित्र पुन्हा बोलू शकतो. मानसिक त्रासासाठी शासनाची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक उपलब्ध आहे. हे दोन्ही क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर आजच लिहून ठेवा.

६. मैत्री तुटते तेव्हा

इंदूर सोडून पुण्याला गेलेली कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. वडिलांची बदली होते, घर आवरले जाते आणि मागे राहिलेल्या मुलाची बाकावरची शेजारची जागा रिकामी होते. आपण पटकन म्हणतो, "त्यात काय रडायचं? दुसरा मित्र मिळेल." घरातले माणूस गेल्यावर कुणी असे म्हणेल का? मुलाच्या हिशेबी हे दुःख तितकेच खरे असते. चार दिवस त्याला उदास राहू द्यावे. त्याच्याजवळ बसावे, सल्ला कमी द्यावा. फोन करू द्यावा, सुट्टीत भेट घडवावी. कृष्ण आणि सुदामा किती वर्षांनी भेटले! शेजाऱ्यांकडून मागून आणलेले चार मुठी पोहे तेवढे सुदाम्याजवळ होते, आणि ओळख द्यायला ती रानातली रात्र पुरली.

ज्या मुलाला कुणीच नाही, त्याला 'मित्र कर' असे सांगून मित्र मिळत नाही. त्याला कुणाबरोबर तरी करण्याजोगे काम द्यावे लागते : फळा सजवणे, प्रयोगाची मांडणी, ग्रंथालयातील पुस्तकांना कव्हरे घालणे. आम्ही वर्गात असे जोडीचे काम देऊ लागलो आहोत. पालकांनीही कोणी एकटे राहिलेले मूल दिसल्यास आम्हाला कळवावे.

स्वाध्याय

विद्यार्थ्यांसाठी :
(१) तुमच्या मैत्रीत तुम्ही शेवटचे 'नाही' कधी म्हणालात? पुढे काय झाले? दहा ओळी लिहा. वही कुणाला दाखवायची सक्ती नाही.
(२) मधल्या सुट्टीत एकटे डबा खाणारे कुणी वर्गात आहे का? या आठवड्यात एकदा त्याच्याजवळ जाऊन बसा.

पालकांसाठी :
(१) मुलाच्या सर्वात जवळच्या मित्राचे पूर्ण नाव, त्याच्या घरी कोण कोण आहे आणि त्याला काय आवडते, हे तुम्हाला सांगता येईल का? येत नसेल तर त्याला एका रविवारी घरी बोलवा. पहिल्याच भेटीत त्याचे गुण विचारू नका.
(२) मुलाच्या मित्रावर टीका करण्याआधी विचारा, "तुला त्याच्यात काय आवडतं?" उत्तर मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐका.
(३) मैत्री मुलगा आणि मुलगी अशी असेल तरी नियम तोच. ओळख करून घेतलेला मित्र दारातून येतो. बंदी घातलेला मित्र लपून भेटतो.

विश्वस्तांसाठी एक विनंती :
जूनमध्ये नववीच्या तुकड्या पाडण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका चिठ्ठीवर दोन वर्गमित्रांची नावे घ्यावीत आणि त्यांपैकी निदान एक तरी नाव त्याच्या तुकडीत राहील असे पाहावे. याला पैसा लागत नाही, फक्त यादी करणाऱ्या शिक्षकांना दोन दुपारी जादा बसावे लागेल. आम्ही बसायला तयार आहोत.